उभा कांदा कोणता, आडवा कोणता

पोह्यांसाठी कांदा बारीक कसा चिरायचा ते शिकवायला नको. आलूच्या फोडी लहान करा की मोठ्या, शिजायच्या तेव्हा शिजतील. घोळ होतो तो लांब चिरलेल्या कांद्याचा. चुनासाठी, म्हणजे पिठल्यासाठी, कांदा उभा चिर म्हटलं, की हमखास कोणीतरी अर्धगोल कमानी कापून ठेवतं. मग चुनात कांदा दिसेनासा झाला की दोष बेसनाला!

उभं-आडवं ठरतं कांद्यावरून; सुरी कशी धरली, त्याच्याशी संबंध नाही. कांद्याच्या एका टोकाला मुळं, दुसऱ्या टोकाला शेंडा. मुळापासून शेंड्याकडे जाणाऱ्या रेषेतच पातं चाललं तर कांदा उभा. ती रेषा तोडत चाललं तर आडवा. पावशीवर, म्हणजे विळीवर, जास्त गफलत होते, कारण पातं जागेवरच असतं आणि कांदा हातात फिरतो. अर्धा केला की मूळ कुठल्या बाजूला होतं याचं भान सुटतं. म्हणून सोलताना मुळाकडचा भाग पार उडवू नका, नुसती मुळं खरडा. प्रत्येक कापात मूळ आणि शेंडा दोन्ही पात्याखाली आले पाहिजेत. तरीही शंका असली तर एक फोड उचलून बघा. दोन्ही टोकं निमुळती असतील तर उभी. सगळीकडे सारख्या रुंदीची कमान असेल तर आडवी.

एवढा आग्रह कशाला? कांद्याचे धागे मुळाकडून शेंड्याकडे जातात. उभ्या फोडीत ते लांबच लांब राहतात, म्हणून परतल्यावरही फोड आकार धरते. आडव्या फोडीत ते जागोजाग तुटतात, आणि कांदा लवकर मऊ होऊन गळतो. कच्चा खायचा असेल तर आडवा कांदा जास्त झोंबतो, डोळ्यांतून पाणीही जास्त काढतो. पावशी बोथट असेल तर विचारूच नका. ती कापत नाही, चेचते. आधी तिला धार लावा.

चून, भजी, कोशिंबीर, तिन्हीला माझ्या मते उभाच. भज्यांना आडवा कांदा घातलेला मला बघवत नाही. ज्या भाजीत कांदा रश्श्यात विरून जायला हवा, तिथे आडवा खुशाल चिरा. आणि तर्रीच्या वाटणाचा कांदा? तो भाजून वाटायचाच आहे, चार तुकडे करा आणि मोकळे व्हा.