शपथ मोडते तेव्हा मेंदूत काय घडतं?

मुलगा नशा करतो हे कळलं की कोल्हापूरच्या पुष्कळ घरांत पहिला उपाय ठरलेला असतो. त्याला अंबाबाईसमोर, नाहीतर जोतिबाच्या डोंगरावर नेऊन शपथ घ्यायला लावायची. तो रडतो, आईच्या पायावर डोकं ठेवतो, शपथ घेतो आणि थोड्याच दिवसांत मोडतो. मग घर निष्कर्ष काढतं: पोरगं खोटारडं निघालं, देवाचंही भय उरलं नाही. पण शपथ घेताना तो बहुतेक वेळा मनापासूनच बोलत असतो. आईवडिलांना एवढं जरी उमगलं, तरी पुढचा रस्ता बदलतो.

शपथ घेतो तो कपाळामागचा मेंदू. पुढचा विचार करणं, स्वतःला आवरणं ही त्याची कामं. तो पूर्ण पक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते. नशेची ओढ मात्र मेंदूच्या खोल भागात तयार होते, डोपामिन या रसायनाच्या जोरावर. अमेरिकेतल्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट ‘हवी वाटणं’ आणि ती ‘आवडणं’ या मेंदूतल्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नशा वारंवार केली की हवं वाटणं वाढत जातं, आवडणं वाढतंच असं नाही. वडील चिडून विचारतात, “काय मिळतंय रं तुला त्यातनं?” पोरगं खाली मान घालून म्हणतं, “काय न्हाई.” ते उत्तर उद्धट वाटतं, पण खरं असतं.

ही ओढ दिवसभर सारखी नसते, खुणांनी जागी होते. समजा, तो गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत कामाला आहे. पगार खात्यावर जमा झाल्याचा मेसेज, ठरावीक मित्राचा फोन, ठरावीक कोपरा, एवढं पुरतं. त्या क्षणी कपाळामागचा मेंदू मागे पडतो. म्हणून शपथेपेक्षा पगाराच्या दिवशी संध्याकाळी तो कुठे आणि कुणासोबत असेल, याची त्याच्याशी बोलून आखणी करणं जास्त उपयोगी. पैसे कुणाच्या खात्यात राहावेत हेही तो शुद्धीत असताना त्याच्याच संमतीनं ठरवता येतं.

कोंडून ठेवण्याविषयी मात्र स्पष्ट सांगायला हवं. ‘चार दिवस खोलीत घाला, आपोआप उतरेल’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. रोजची दारू किंवा नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, मृत्यूही येऊ शकतो. हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थांत धोका वेगळा आहे. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि मग जुन्याच मात्रेनं श्वास थांबू शकतो. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. एमडी म्हणजे मेफेड्रोनवर असं खास औषध नाही, तिथे समुपदेशन आणि वागणुकीवरचे उपचार हाच मुख्य आधार. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सुरुवात तिथूनही करता येते.

आता आईवडिलांच्या बाजूला येऊ. बहुतेक घरं दोन टोकांत हेलकावे खातात. एक दिवस मारझोड, घराबाहेर काढणं. दुसऱ्या दिवशी उधारी फेडणं, आईनं गुजरीत पाटल्या मोडणं, ‘ताप आलाय’ असं सुपरवायझरला खोटं सांगणं. वागणुकीच्या विज्ञानात हे जुनं निरीक्षण आहे, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासूनचं: बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा वेळी सवय सर्वांत चिवट होते. नऊदा नाही म्हणून दहाव्यांदा पैसे दिले, की अकराव्या वेळचा हट्ट आणखी लांबतो. आईच्या मायेला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दारात देणेकरी उभा असताना दुसरं सुचत नाही, हे समजण्यासारखं आहे.

‘पुरता बुडू दे, मग शुद्धीवर येईल’ हे दुसरं टोकही पुराव्यावर उभं नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांनाच शिकवण्याची एक पद्धत तयार केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार नाकारणाऱ्या दारूच्या रुग्णांच्या नातेवाइकांचे तीन गट केले होते. या पद्धतीच्या गटात ६४ टक्के रुग्ण उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून रुग्णाला समोर बसवून धारेवर धरण्याची तयारी केलेल्या गटात ३० टक्के, आणि नातेवाइकांनी फक्त स्वतःच्या आधारगटात जाण्याच्या मार्गात १३ टक्के. पुढे अमली पदार्थांच्या बाबतीतही या पद्धतीचे चांगले निष्कर्ष मिळाले.

पद्धतीचा गाभा असा: शुद्धीतल्या वेळेला जवळीक द्यायची, नशेतल्या वेळेला काढून घ्यायची. सकाळी तो ठीक असेल तर सोबत मिसळ खायला जा, रंकाळ्यावर चक्कर मारा, कालचा विषय उगाळू नका. रात्री झिंगून आला तर भांडण नको, प्रवचन नको. ताट झाकून ठेवून आपापल्या खोलीत जा. कामावर खाडा झाला तर त्याचा फोन त्यालाच करू द्या. रोख पैसे नाहीत, पण दवाखान्याचं बिल आम्ही भरू. तो स्वतःच वैतागून “हे बास झालं” म्हणेल, तेव्हा उपचाराची गोष्ट काढायची, आणि डॉक्टरांची वेळ त्याआधीच ठरवून ठेवलेली हवी. त्याची ही तयारी फार वेळ टिकत नाही. तो हात उगारत असेल तर मात्र आधी स्वतःची सुटका करा आणि ११२ ला फोन करा.

‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ असं भावकीतलं कुणीतरी सांगतंच. कृपा करून ऐकू नका. आजार तसाच राहतो, एका परक्या घरच्या मुलीचं आयुष्य त्यात ओढलं जातं.

उपचारानंतर पुन्हा घसरण झाली तर सगळं वाया गेलं असं नसतं. रक्तदाब किंवा दम्याचे रुग्णही औषध सोडतात, त्रास उलटतो, उपचार बदलावे लागतात. अमेरिकेतल्या मेंदू-संशोधक नोरा व्होल्को यांच्या २००१ च्या अभ्यासात मेथअँफेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन वाहून नेणारी यंत्रणा बरीच सावरलेली दिसली, पण विचार-हालचालींच्या चाचण्यांत तितकी सुधारणा नव्हती. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात एकवीस दिवस राहून आल्यावर लगेच ‘पहिल्यासारखा’ मुलगा अपेक्षू नये.

पोलिसांच्या भीतीनं कित्येक आईवडील गप्प राहतात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेनं मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. केंद्र निवडताना तिथे डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा.

मुलगा तयार नसला तरी आईवडिलांनी एकट्यानं मदत मागायला हरकत नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. महिनोन्‌महिने झोप उडालेल्या, रक्तदाब वाढलेल्या आईसाठी टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: कोणता पदार्थ, किती दिवसांपासून, शेवटचा कधी घेतला, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत का, पूर्वी कधी फिट आली होती का.