डिझेलमध्ये पेट्रोल किती? घनता सांगते, पण तापमान फसवतं

पंपावर पेट्रोलची नळी डिझेलच्या नळीपेक्षा बारीक असते. त्यामुळे ती डिझेल गाडीच्या टाकीत सहज जाते. उलटी चूक बहुतेकदा टाकीच्या तोंडाशीच अडते. एकट्या गाडीचा प्रश्न सोपा आहे. चावी फिरवायची नाही, टाकी रिकामी करून घ्यायची. पण शेतावर किंवा साइटवर २०० लिटरच्या बॅरलमध्ये चुकून पेट्रोल ओतलं गेलं, तर ते नक्की किती गेलं हे कळायला हवं.

१५ अंश सेल्सियसला एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं, पेट्रोल ७४० च्या आसपास. दोन्ही एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि मिश्रणाचं आकारमान जवळजवळ बेरजेइतकंच येतं. म्हणजे फरक ९० ग्रॅमचा, आणि दर एक टक्का पेट्रोलमागे लिटरचं वजन ०.९ ग्रॅमने उतरतं. मिश्रण ८१८ भरलं तर १२ भागिले ९०, म्हणजे सुमारे १३ टक्के पेट्रोल. गणित सहावीतल्या मुलालाही जमेल.

घोळ होतो तो तापमानाने. डिझेल तापलं की फुगतं, आणि दर अंशामागे लिटरचं वजन साधारण ०.७ ग्रॅमने घटतं. ३५ अंशांच्या दुपारी शुद्ध डिझेलही ८१६ च्या आसपास दिसेल. १५ अंशांच्या आकड्याशी ते ताडून पाहिलंत तर थेंबभरही पेट्रोल नसताना १५ टक्के 'सापडेल'! म्हणूनच पंपावर हायड्रोमीटरसोबत (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) थर्मामीटर आणि १५ अंशांवर आणण्याचा तक्ता ठेवलेला असतो. पावतीवर छापलेली घनताही १५ अंशांचीच असते.

दुसरी गोम मूळ डिझेलची. चांगल्या डिझेलची घनताही एका टँकरपासून दुसऱ्यापर्यंत वीसेक ग्रॅमने इकडेतिकडे असू शकते, आणि तेवढ्यात वीस टक्के पेट्रोल लपून जाईल. त्यामुळे पुस्तकातला आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. त्याच खेपेचं न बिघडलेलं डिझेल शिल्लक असेल तर ते आणि संशयित नमुना, दोन्ही तासभर एकाच सावलीत ठेवायचे आणि एकापाठोपाठ मोजायचे. तापमान सारखं झालं की तक्त्याचीही फारशी गरज उरत नाही.

हायड्रोमीटर नसेल तर अरुंद गळ्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो. दोन्ही वेळा बाटली तीच, खूण तीच, बाहेरून कोरडी पुसलेली. काट्यावरचा एक ग्रॅम म्हणजे सुमारे सव्वादोन टक्के पेट्रोल, तेव्हा दशांशात उत्तर मागू नका. नमुना घेण्याआधी बॅरल नीट घुसळलेलं हवं. हळू ओतलेलं पेट्रोल बराच वेळ वरच रेंगाळतं. हे सगळं उघड्यावर करायचं आणि विडी-सिगारेट दूर ठेवायची, हे वेगळं सांगायला नकोच.

हीच युक्ती रॉकेलच्या भेसळीला मात्र फारशी लागू पडत नाही. रॉकेल डिझेलपेक्षा जेमतेम तीसेक ग्रॅमनेच हलकं, त्यामुळे १० टक्के भेसळीने घनता तीनच ग्रॅम उतरते. पंपावरच्या तपासणीत तेवढा फरक चालवूनच घेतला जातो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग द्यावा लागला, तो उगाच नाही.

आणि पेट्रोल अगदी थोडं असेल, म्हणजे एक-दोन टक्के, तर घनता जवळपास गप्पच राहते. तिथे ज्वलनांक बोलतो, म्हणजे इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ लागते ते तापमान. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो, पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली. एवढंसं पेट्रोलही तो धाडकन खाली आणतं. मिसळ झाली आहे हे प्रयोगशाळेला त्यावरून लगेच कळतं. किती झाली, ते मात्र तसं नेमकं सांगता येत नाही.