शेवटचा निकॉन कसा असावा?

निकॉनने आणखी एकच, अगदी शेवटचा फिल्म कॅमेरा काढायचा ठरवला, तर मी त्यांना २००१ सालचा एफएम३ए समोर ठेवायला सांगेन. त्यानंतर २००४ मध्ये आलेला एफ६ कितीतरी हुशार होता, पण सेल संपले की तो ठप्प. एफएम३ए तसा अडून बसत नाही. कारण आहे त्याचं शटर.

फिल्मच्या पुढ्यात पातळ धातूच्या पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला सरकला की फिल्म उघडी पडते, दुसरा मागोमाग येऊन ती झाकतो. पडद्यांचा वेग तोच राहतो, बदलतं ते दोघांमधलं अंतर. २४ मिलिमीटरची चौकट पार करायला पडद्याला ०.००४ सेकंदही लागत नाही. शटर १/४००० सेकंदावर ठेवलं, तर दुसरा पडदा इतक्या लगोलग निघतो की फिल्मवरून जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची फट धावत जाते.

या दुसऱ्या पडद्याला नेमकं कधी सोडायचं? यांत्रिक कॅमेऱ्यात ते स्प्रिंग आणि दातेरी चाकं ठरवतात, चावीच्या घड्याळासारखी. एक सेकंदाचं शटर मारल्यावर आतून येणारी किर्रर्र त्यांचीच; मला तो आवाज फार आवडतो. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात विद्युतचुंबक पडदा धरून ठेवतो आणि सर्किटने सांगितलं की सोडतो. एफएम३एमध्ये या दोन्ही व्यवस्था एकाच शटरला जोडल्या आहेत. डायल ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, असेल तर सर्किट, शटरवेगाच्या आकड्यावर असेल तर चाकं. सेल संपले की प्रकाशमापक आणि ‘ए’ बंद पडतात. एक सेकंदापासून १/४००० पर्यंतचे सगळे वेग मात्र शाबूत. कडक उन्हात, आयएसओ १०० च्या फिल्मला लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ हा ठोकताळा लावून रोल पुरा करता येतो.

मग नवं काय हवं? सर्किटची पट्टी स्क्रू काढून बदलता यावी, कारण पोलादी चाकांच्या आधी तीच जाणार. दुसरी मागणी छोटी आहे. लेन्सचं छिद्र किती आहे हे कॅमेऱ्याला कळवणारी एक छोटी खुंटी माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या जागेच्या, कडेला असते. १९७७ च्या एफएमवर ती बोटाने वर उचलता यायची, म्हणून त्याआधीच्या जुन्या लेन्सही बसायच्या. एफएम३एवर ती उचलता येत नाही. ती उचलती खुंटी परत आली, तर १९५९ च्या पहिल्या निकॉन एफची लेन्स या शेवटच्या कॅमेऱ्यावर बसेल.