चार अणूंचं चित्र

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांना एक अंधार चांगला ओळखीचा असतो. कॅमेऱ्यातून काढलेला रोल डेव्हलपिंग टँकच्या रिळावर चढवायचा, तोही मिट्ट काळोखात. लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो. इथे नाही, कारण आजच्या बहुतेक फिल्म लाल प्रकाशही टिपतात. रीळ जरासं ओलं राहिलं तर फिल्म खाचेत अडकून बसते. एकदा मी अशीच पाऊण तास झगडले आणि नकळत दोन वेढे एकमेकांना चिकटले. तिथे डेव्हलपर, म्हणजे चित्र दिसतं करणारं रसायन, पोचलाच नाही. चार चित्रं गेली. जीव हळहळला, कारण ती चित्रं फिल्मवर उमटलेली होती, फक्त दिसत नव्हती.

हे न दिसणारं चित्र म्हणजेच या छंदाचा गाभा. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकतो आणि चांदीचा आयन तिकडे ओढला जातो. झाला चांदीचा एक अणू. असे साधारण चार अणू एका जागी जमले, की तो स्फटिक डेव्हलप होण्याजोगा होतो. रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये ही उकल मांडली. डेव्हलपर त्या इवल्याशा ठिपक्यापासून सुरुवात करून स्फटिकातल्या अब्जावधी आयनांची काळी चांदी करतो. चार अणूंच्या खुणेवरून अब्जावधी! इतक्या वर्षांनंतरही निगेटिव्ह टँकमधून बाहेर काढताना मला हे आठवतं आणि हात क्षणभर थांबतो.

आणि मनस्तापही याच अणूंपायी. चांदीचा एकटा अणू फार टिकत नाही, थोड्याच वेळात मोडतो. उजेड भरपूर असेल तर तो मोडायच्या आत दुसरा येऊन मिळतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात मात्र दुसरा येईपर्यंत पहिला गेलेला असतो. म्हणून प्रकाश मोजणाऱ्या मीटरने दहा सेकंद सांगितले आणि आपण इमानदारीने दहाच दिले, तर अनेक फिल्मवर चित्र काळपट येतं. सुरुवातीला मी कॅमेऱ्याच्या शटरवर संशय घेत होते. आता वहीत प्रत्येक फिल्मपुढे वाढीव वेळ लिहून ठेवते.

उष्णतेचा त्रास वेगळा. ती प्रकाशाशिवायच असे ठिपके तयार करते, त्यामुळे जुना रोल धुरकट निघतो. थंडीत हे सगळं मंदावतं, म्हणून रोल फ्रिजमध्ये ठेवायचे.

थंडी काय करू शकते, याचा सगळ्यात हृदयस्पर्शी दाखला आंद्रे यांच्या मोहिमेचा. १८९७ मध्ये आंद्रे धरून तीन स्वीडिश माणसं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाली. बलून बर्फावर उतरलं आणि ती परत आलीच नाहीत. १९३० मध्ये आर्क्टिकमधल्या क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत तिघांतल्या निल्स स्ट्रिंडबर्गने टिपलेली फिल्मही. तेहतीस वर्षं बर्फात पडलेली ती फिल्म डेव्हलप केली, तेव्हा त्र्याण्णव चित्रं हाती लागली. त्यातल्या एकात बलून बर्फावर आडवं कोसळलेलं आहे आणि त्याच्यापाशी दोन माणसं उभी आहेत.