हनुवटीच्या सावलीतला पुरावा

मानेच्या दोन्ही बाजूंना तांबूस-तपकिरी, जाळीदार डाग दिसले की बेळगावकडे तीन निदानं तयारच असतात: अंगातली उष्णता, मंगळसूत्राचं पॉलिश, नाहीतर कुणाची तरी नजर. चौथी शक्यता फारसं कुणी धरत नाही. तिचं नाव पॉइकिलोडर्मा ऑफ सिव्हात. आशिल सिव्हात या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १९२३ साली तिचं वर्णन केलं. ग्रीक भाषेत ‘पॉइकिलोस’ म्हणजे चित्रविचित्र आणि ‘डर्मा’ म्हणजे कातडी. हा संसर्ग नव्हे, कर्करोगही नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या, उजळ कातडीच्या बायकांत तो जास्त दिसतो; गव्हाळ कातडीवर लाली झाकली जाते आणि तपकिरी रंगच तेवढा नजरेत भरतो.

ओळखायची खूण आरशात आहे. हनुवटी वर करा. मानेच्या बाजू आणि गळ्याखालचा त्रिकोण रंगलेला, पण हनुवटीच्या बरोबर खालची जागा स्वच्छ असेल तर संशय उन्हावर घ्यायचा.

ती जागा का सुटते? सावलीमुळे, हे उत्तर अर्धंच आहे. सूर्याकडून सरळ येतं तेवढंच ऊन, असं आपण धरून चालतो. अतिनील किरणांचं तसं नसतं. त्यांची तरंगलांबी कमी, म्हणून हवेचे रेणू त्यांना दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात आणि त्यांचा मोठा वाटा सगळ्या आभाळातून खाली उतरतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की त्या कातडीला आभाळ किती दिसतं. मानेची बाजू उभ्या भिंतीसारखी, तिला अर्धं आभाळ दिसतं. गळ्याखालचा त्रिकोण कौलारू छपराच्या उतारासारखा, त्याला त्याहून जास्त. हनुवटीखालच्या कातडीचं तोंड मात्र जमिनीकडे. तिला दिसते माती, आणि माती किंवा गवत अतिनील किरणांतले १० टक्केही परत फेकत नाही, मग ती खानापूरची तांबडी असो की अथणीची काळी. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून बर्फात फिरणाऱ्यांची हनुवटी खालूनही भाजते.

बेळगाव १६ अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदा ऐन डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. दुसरी वेळ पावसात हरवते. हवा गार, आभाळ भरलेलं, म्हणून ऊन नाही असं वाटतं. पण उन्हाचा चटका जाणवतो तो मुख्यतः अवरक्त किरणांमुळे, आणि पातळ ढगांतून अतिनील बरंचसं खाली येतं. तेव्हा ‘उष्णता’ हे निदान दोन्हीकडून चुकतं.

जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के ‘ए’ प्रकारचे असतात. बसच्या खिडकीची काच त्यांना फारशी अडवत नाही. ते कातडीच्या आतल्या थरात शिरतात. तिथल्या पेशी मग मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं सोडतात, ती कातडीला आधार देणाऱ्या कोलॅजेनचे धागे कातरतात, आणि तिला लवचीक ठेवणाऱ्या इलॅस्टिनचे गुठळेवजा पुंजके साचतात. आधार सुटला की बारीक रक्तवाहिन्या फुगून तशाच राहतात: ही लाली. रंगपेशी कुठे जास्त, कुठे कमी काम करतात: हा तपकिरीपणा. वरचा थर पातळ होतो, म्हणून खालचं सगळं दिसतं. केसांच्या मुळांभोवती फिकट ठिपके राहिले तर कातडी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते. काचेचा पारदर्शक ग्लास डागावर दाबा. लाली विरते, तपकिरी रंग तिथेच राहतो.

आता गल्लत होते ती कुठे? मानेच्या मागे, घड्यांत, मखमलीसारखी जाड काळी कातडी असेल तर तो अकँथोसिस निग्रिकन्स. आपल्याकडे हा कितीतरी जास्त आढळतो आणि त्यासाठी रक्तातली साखर तपासावी लागते. साखळीच्या रेषेत खाज आणि पुरळ असेल तर बहुधा निकेलची ॲलर्जी. तिथे मंगळसूत्राला दोष देणारे बरोबर ठरतात. मानेभोवती हारासारखा खरखरीत काळा पट्टा आणि सोबत जुलाब, हा पेलाग्रा, म्हणजे नायसिनची (ब-३ जीवनसत्त्वाची) कमतरता. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या पट्ट्यात तो पूर्वी दिसे. १९६०च्या सुमारास हैदराबादेत पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं. आणि गळ्यावर लाली येऊन पाटावरून उठताना मांड्यांत बळ राहत नसेल, तर ग्लास-बिस बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा; तो स्नायूंचा आजार असू शकतो.

लिंबू चोळून उन्हात जाणं हा सगळ्यांत वाईट इलाज. लिंबाच्या सालीतली फ्युरोकुमरिन्स उन्हात कातडी भाजतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘गोरं करणारं’ स्टेरॉइड मलम त्याच्याच पंक्तीतलं. पहिल्या आठवड्यात रक्तवाहिन्या आकसतात, लाली कमी होते, आणि घरभर त्या मलमाचं नाव होतं. पुढे तेच मलम कातडी पातळ करतं आणि वाहिन्या फुगवतं, म्हणजे जो दोष घालवायचा तोच वाढवतं. अत्तरही उन्हात लिंबासारखंच बाधू शकतं; लावायचंच तर कपड्यावर लावा, मानेवर नको.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त घ्या, पण पाकिटावर ‘ए’ किरणांसाठीची पीए+++ खूणही बघा. मान आणि गळ्याखालच्या त्रिकोणाला तर्जनी व मधलं बोट भरून दोन रेघा लागतात. मटारएवढ्या थेंबात छापलेलं संरक्षण मिळत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. दाट विणीचा, गडद पदर मानेभोवती घेतला तर तो याहून खात्रीचा. पांढरं सुती कापड भिजलं की जास्त किरण आत सोडतं.

फुगलेल्या वाहिन्या मलमाने मिटत नाहीत. त्यासाठी आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) किंवा पल्स्ड डाय लेझर (रक्तवाहिन्यांवर वापरायचा लेझर) आहे, काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठकांत. गव्हाळ कातडीत रंगद्रव्यच ऊर्जा शोषतं, जास्त ताकद लावली की यंत्राच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी पट्टे मानेवर उमटतात. म्हणून आधी कडेच्या एका छोट्या जागेवर चाचणी घ्या, काही आठवडे रंग बदलतो का बघा, आणि मगच बाकीच्या मानेचे पैसे भरा.