जुन्या चौकटींवरचे शिसे: बेळगाव सीमाभागातील घरांची पार्श्वभूमी
बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील जुन्या घरांच्या भिंती वर्षानुवर्षे चुन्यानेच रंगवल्या जात. ऑइलपेंटचा हात फिरला तो मुख्यतः लाकडावर आणि लोखंडावर. त्यामुळे येथे शिशाचा धोका शोधायचा तो दारांच्या चौकटी, खिडक्यांचे गज आणि जिन्यांचे कठडे यांवर, म्हणजे नेमका रांगत्या मुलाचा हात पोहोचतो तिथे.

शिसे रंगात आले ते उपयोगी म्हणून. पिवळ्या-केशरी छटा लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगामुळे खुलत, शिशाच्या संयुगांमुळे रंग लवकर वाळे, आणि गंज लागू नये म्हणून लोखंडाला पहिला हात शेंदराचा दिला जाई. मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूरही शिशाचेच ऑक्साइड आहे.

त्याचे दुष्परिणाम मात्र फार पूर्वीच लक्षात आले होते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 मध्ये मुलांच्या विषबाधेचा माग थेट व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंत नेला होता: उन्हाने भुकटी झालेला रंग बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर 1978 मध्ये बंदी आणली. आपल्याकडे या प्रश्नाला तोंड फुटले ते 1999 मध्ये, बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने सात शहरांत केलेल्या रक्ततपासणीमुळे. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. 2000 मध्ये पेट्रोलमधील शिसे हटले. घरगुती रंगांतील शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. मुलांच्या मेंदूशी निगडित बाबीत सोळा-सतरा वर्षांचा हा विलंब अक्षम्य म्हणावा लागेल.

शिवाय हे नियम नव्या डब्यांपुरतेच आहेत. आधी लावलेल्या थरांना ते लागू होत नाहीत. खानापूरकडच्या पावसात लाकूड फुगते, रंगाला पोपडे सुटतात आणि दिवाळीपूर्वी रंगारी कोरडाच पॉलिश पेपर मारतो, तेव्हा तळाचा जुना थर धूळ होऊन घरभर पसरतो. मुलांचे शरीर प्रौढांच्या चार-पाच पट शिसे शोषते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी वाढते. म्हणून घासण्यापूर्वी पृष्ठभाग ओला करणे, काम संपेपर्यंत मुलांना आणि गर्भवतींना दुसऱ्या घरी ठेवणे आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घेणे आवश्यक आहे.