पांढऱ्या प्लेट दोन, कारणंही दोन: गॅल-८० आणि मिग-१

"मॅडम, दोन्ही रिप्रेसरच ना?" पुण्यात एमएस्सीची तोंडी परीक्षा घ्यायला बसते आणि गॅल-८० व मिग-१ या प्रथिनांतला फरक विचारते, तेव्हा हे उत्तर इतक्यांदा ऐकते की आता रागही येत नाही. रिप्रेसर म्हणजे जनुक बंद ठेवणारं प्रथिन. वहीत दोघांपुढे एकच शब्द लिहिलेला, मुलं तरी काय करणार!

प्रात्यक्षिकात बेकरीच्या यीस्टमध्ये, गॅलॅक्टोज ही साखर वापरायला लागणाऱ्या गॅल-१ जनुकाच्या प्रमोटरला, म्हणजे जनुक चालू-बंद होतं त्या डीएनएच्या तुकड्याला, निळा रंग आणणारं जनुक जोडतात. गॅलॅक्टोजच्या प्लेटवर कॉलनी निळ्या येतात. ग्लिसरॉलवर पांढऱ्या, ग्लुकोजवरही पांढऱ्या. घोळ होतो तो इथंच.

ग्लिसरॉलवर गॅल-४ हे जनुक चालू करणारं प्रथिन डीएनएवरच्या आपल्या १७ बेसजोड्यांच्या जागेवर आधीच ठाण मांडून असतं. त्याच्या ८८१ अमिनो आम्लांपैकी शेवटच्या तीसेकांना मात्र गॅल-८० चिकटलेलं असतं. नेमकं तेच टोक सागा व मीडिएटर या मदतनीस प्रथिनसमूहांना आणि त्यांच्यामागून जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला बोलावून आणतं. म्हणजे रिक्षा स्टँडवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. गॅल-८० स्वतः डीएनएवर बसतच नाही. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ हे प्रथिन ते आणि एटीपी हा पेशीतला ऊर्जेचा रेणू धरतं, मग गॅल-८० ला अडकवून ठेवतं, ब्रेक सुटतो.

मिग-१ थेट डीएनएवर बसतं, तेही ग्लुकोज असताना, आणि टप-१ व सिक-८ या साथीदार प्रथिनांना बोलावून प्रमोटर अडवतं. विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद असतो ना, तसं. वर गॅल-४ च्या जनुकालाही लगाम घालतं, म्हणजे रिक्षाही कमी. ग्लुकोज संपलं की स्नफ-१ हे एन्झाइम मिग-१ ला फॉस्फेट लावतं आणि मिग-१ केंद्रकाबाहेर जातं.

आता गॅल-८० चं जनुकच काढून टाका. ग्लिसरॉलची प्लेट गॅलॅक्टोजचा कणही न घालता निळी होते. ग्लुकोजची पांढरीच राहते. उलट फक्त मिग-१ काढलं तर? "ग्लुकोजची निळी होईल," असं हमखास उत्तर येतं. नाही होत. रस्ता मोकळा झाला, पण गॅलॅक्टोज नाही म्हणून ब्रेकवरचा पाय तसाच! त्याच प्लेटमध्ये गॅलॅक्टोजही घातलं तर निळी झाक दिसते, तीही फिकट, कारण ग्लुकोज असताना गॅलॅक्टोज पेशीत घेणारं गॅल-२ हे प्रथिनसुद्धा यीस्ट मोडीत काढतं.